जुना नळ बदलण्यास ना-हरकत मिळणेबाबत

हुडकेश्वर रोडवरच्या 'सुजल सहनिवास' या चोवीस सदनिकांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शालिकराम लांजेवार यांना आपल्या घरातल्या बेसिनचा नळ बदलायचा होता. विषय एवढाच आहे. एवढ्याशा विषयाची गोष्ट होऊ शकत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आयुष्यात कधी कशाची रीतसर परवानगी मागितलेली नाही, असं समजायला हरकत नाही.

नळ तसा वाईट नव्हता. पितळी, जुन्या घडणीचा, डोक्यावर गोल चकरी. चकरी चार-पाच वेळा फिरवली की पाणी येई आणि तितक्याच वेळा उलटी फिरवली की बंद होई. शालिकरामजी मात्र वरून आणखी दोन आटे देत. थेंबभर पाणी वाया जाऊ नये म्हणून ते अकरा वर्षं रोज दातओठ खाऊन तो नळ आवळत आले होते, आणि आता तो नळ त्यांच्याशिवाय कोणाचं ऐकत नव्हता.

अडचण मनकर्णाबाईंच्या हाताची होती. गेल्या साली मारबतीच्या दिवशी, अख्खं नागपूर इडापिडा वेशीबाहेर हाकलत असताना, त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, काठी घेऊन त्या चालू लागल्या. वाचा पंधरा दिवसांत परत आली, आणि शालिकरामजींच्या मते गेली त्यापेक्षा जराशी जास्तच परत आली. राहिला तो उजवा हात. कोपर चाले, पण मूठ वळत नसे. डाव्या हातात काठी, आणि काठी सोडली की तोल जाई. त्यामुळे बेसिनपाशी गेल्या की त्यांना आवाज द्यावा लागे, "अहो, नळ!" मग शालिकरामजी यायचे, नळ उघडायचे, शिपायासारखे बाजूला उभे राहायचे आणि तोंड धुऊन झालं की नळ आवळून परत जायचे. दिवसातून सात-आठ वेळा असं चाले.

ज्या बाईनं चाळीस वर्षं या घराचा गाडा कोणाला हाक न मारता ओढला, तिला स्वतःचं तोंड धुवायला हाक मारावी लागत होती. मनकर्णाबाईंना त्याची भारी लाज वाटे. कधी कधी त्या जेवण झाल्यावर खरकट्या हातानंच बसून राहत आणि विचारलं तर "धुते ना मंग" म्हणत. शालिकरामजींना ते कळत होतं आणि आतून फार वाईट वाटत होतं. पण नळ उघडून देण्यापलीकडे काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

ते सुचवलं व्यायाम शिकवायला येणाऱ्या हर्षानं. "काकाजी, दांडीचा नळ लावून टाका ना. कोपरानं ढकललं का पाणी सुरू, कोपरानं ढकललं का बंद. काकूले कोणाले बोलवायचं कामच नाई."

शालिकरामजी त्याच दुपारी गांधीबागेच्या बाजूला गेले आणि एक चकचकीत दांडीचा नळ घेऊन आले. मनकर्णाबाईंनी तो मांडीवर घेतला. उजव्या कोपरानं दांडी इकडे केली, तिकडे केली. पुन्हा इकडे केली. पाणी नसलेल्या नळावर त्या बाईनं अर्धा तास तोंड धुवायची तालीम केली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.

रविवारी सकाळी प्रीतम आला. प्रीतम आठवडाभर हिंगण्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जाई आणि उरलेल्या वेळात नळकाम करी. त्यानं बेसिनखाली वाकून पाहिलं.

"वीस मिनिटांचं काम आहे काकाजी. नट जाम झाला आहे, थोडं ठोका लागन. मिक्सर कुठं आहे तुमचा?"

"मिक्सर कायले?"

प्रीतमनं त्यांच्याकडे क्षणभर टक लावून पाहिलं. "नाई, असंच विचारलं," तो म्हणाला आणि पाना उचलला.

"थांब," शालिकरामजी म्हणाले. "हात नको लावू. परवानगी नाही आली अजून."

आता इथे सांगितलं पाहिजे की ही परवानगी आली कुठून. सहा वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर कोणीतरी नळ बदलला होता आणि त्याचं पाणी झिरपून शालिकरामजींच्या छतावर एक डाग पडला होता. तो डाग नेमका त्यांच्या पलंगाच्या वर होता. रोज रात्री डोळे मिटण्याआधी आणि सकाळी उघडल्यावर तोच दिसे. शालिकरामजी एका सरकारी खात्यातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. दुसरा कोणी असता तर चुन्याचा एक हात मारून मोकळा झाला असता. शालिकरामजींनी नियम केला. 'नळ व तत्सम जलनिर्गम साधने बदल नियमावली', कलमे चौदा, परिशिष्टे तीन. कलम एकमध्येच स्पष्ट होतं की संस्थेच्या लेखी ना-हरकतीशिवाय कोणत्याही सदस्यास कोणताही नळ बदलता येणार नाही. त्या सभेत तर्रीपोहे ठेवलेले होते आणि तर्री निवत चालली होती. नियमावली एकमतानं मंजूर झाली.

त्यानंतरच्या सहा वर्षांत एकही अर्ज आला नाही. याचा शालिकरामजींना केवढा अभिमान! नियम असावा तर असा, की तो लागू झाल्यापासून इमारतीतला एकही नळ बिघडायची हिंमत करत नाही. रविवारी सकाळी मात्र या नाही त्या घरातून मिक्सरचा घरघराट ऐकू येई, बराच वेळ, वीस-वीस मिनिटं. आपल्या इमारतीत लोक चटणी फार खातात, असं शालिकरामजींनी एकदा मनकर्णाबाईंना म्हटलं होतं. मनकर्णाबाई त्यावर काही बोलल्या नव्हत्या.

"आपल्या घरच्या नळासाठी आपलाच अर्ज?" प्रीतम गेल्यावर त्या म्हणाल्या. "मले तोंड धुवाचं आहे, जमीन नाई बळकवाची."

"नियम मीच केला वं. मीच मोडला तर लोकं काय म्हणतीन?"

"मंग तुम्हीच मंजूर करून घ्या."

"मले तो अधिकार नाही," शालिकरामजी म्हणाले आणि परिशिष्ट 'अ' काढायला कपाटाकडे गेले.

अर्ज तीन प्रतींत तयार झाला. तो घेऊन ते सचिव शोभाताईंकडे गेले. शोभाताईंनी दार अर्धंच उघडलं आणि उंबऱ्यातच अर्ज वाचला.

"लांजेवार काकाजी, हे खरंच देऊन राहिले का तुम्ही?"

"म्हणजे?"

"नाई, सहा वर्षांत कोणी दिला नाई ना, म्हणून विचारलं. आता ह्याले आवक नंबर कोणता टाकू? रजिस्टरच नाई आपल्याकडे."

रजिस्टर शालिकरामजींनी घरून आणून दिलं. त्यांच्याकडे ते कोरं, पानं मोजून, तयार होतं. अर्जाला क्रमांक एक मिळाला आणि तो अध्यक्ष चंपतरावांपुढे गेला. चंपतराव कधीकाळी कुठल्याशा सहकारी संस्थेचे संचालक होते. तेव्हापासून कुठल्याही खुर्चीत बसण्याआधी ते तिच्यावर हार ठेवलेला आहे का, हे बघत.

"तुम्ही अर्ज केला, लय चांगलं केलं," चंपतराव म्हणाले. "पण पूर्वोदाहरण नाही ना लांजेवारजी. पहिल्याच अर्जाले घाईनं हो म्हटलं तर उद्या सारेच मागतीन. दुसरं म्हणजे तुमचं कलम चार. 'नळ नादुरुस्त असल्याची खात्री करून.' तुमचा नळ तर चालते."

"नळ चालते, पण मनकर्णाचा हात नाही चालत."

"कलमात हाताचा कुठं उल्लेख आहे का?"

शालिकरामजींनी कलम वाचलं. नव्हता. तरी चंपतराव माणुसकीला जागले. हात नादुरुस्त असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा, विशेष बाब म्हणून विचार करू, असं ते म्हणाले. प्रमाणपत्र आलं. त्यात शेवटी लिहिलं होतं, 'रुग्णाच्या प्रकृतीत समाधानकारक सुधारणा होत आहे.'

"अरे वा, अभिनंदन!" चंपतराव म्हणाले. "सुधारूनच राहिला आहे हात, तर मंग घाई कायची?"

तरीही रीत म्हणून तीन जणांची पाहणी समिती नेमली गेली. चंपतराव, शोभाताई आणि तळमजल्यावरचे देवाजी. देवाजी तरुणपणी तालमीत जात आणि अजूनही बरणीची झाकणं उघडायला शेजारीपाजारी त्यांनाच बोलावत. समिती रविवारी आली. आधी चहा झाला. मग तिघंजण बेसिनभोवती दाटीवाटीनं उभे राहिले आणि मनकर्णाबाई काठी टेकून दारात उभ्या राहिल्या.

"उघडा," चंपतराव देवाजींना म्हणाले.

देवाजींनी चकरीला हात घातला. चकरी हलेना. शालिकरामजी पुढे होत म्हणाले, "मी उघडून देतो, तिची एक पद्धत आहे." पण देवाजींच्या तालमीचा प्रश्न होता. त्यांनी बाह्या वर सारल्या, पाय रोवले, बजरंगबलीचं नाव घेतलं आणि झटका दिला. कट् असा आवाज झाला. चकरी देवाजींच्या हातात होती आणि नळ आपल्या जागी, डोकं उडालेल्या अवस्थेत, घट्ट बंद होता.

चंपतरावांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि समितीनं पुढचं निरीक्षण सुरू केलं. संध्याकाळी अहवाल आला.

'समितीने नळाची प्रत्यक्ष पाहणी केली. पाहणीदरम्यान नळाची चकरी समिती सदस्याच्या हाती आपण होऊन आली. त्यानंतर सलग दहा मिनिटे निरीक्षण केले असता नळातून पाण्याचा एकही थेंब गळत असल्याचे आढळले नाही. सबब नळ उत्तम स्थितीत असून तो बदलण्याची आवश्यकता दिसून येत नाही. चकरी पुरावा क्रमांक एक म्हणून संस्थेच्या ताब्यात ठेवण्यात आली आहे.'

शालिकरामजी अहवाल हातात घेऊन तसेच शोभाताईंच्या दारात गेले. "अहो, गळणार कसं? आता त्यातून पाणीच येत नाही!"

"तुमच्या कलम चारच्या स्पष्टीकरणात काय आहे?" शोभाताई म्हणाल्या. "'नादुरुस्त म्हणजे गळणारा.' गळण्याचं लिहिलं आहे काकाजी, येण्याचं नाई लिहिलं. आम्ही काय करावं?"

शालिकरामजींनी जिन्यात उभं राहून स्पष्टीकरण तीनदा वाचलं. कुठे फट सापडते का ते पाहिलं. पण मसुदा निर्दोष होता. एवढ्या दुःखातही त्यांना आपल्या लिखाणाचं कौतुक वाटलं, आणि लगेच त्या कौतुकाची शरमही वाटली.

आता घरची गत आणखी वाईट झाली. न्हाणीतला नळ गुडघ्याएवढ्या उंचीवर, तिथे मनकर्णाबाईंना वाकता येईना. शालिकरामजी बादलीतून मगभर पाणी आणत आणि बेसिनपाशी त्यांच्या हातावर ओतत. पूर्वी त्यांना फक्त नळ उघडायला माणूस लागे, आता पाण्यालाही लागू लागला.

"आधी चूळ भरायपुरतं तरी माह्या हिशेबानं चालत होतं," मनकर्णाबाई एकदा म्हणाल्या. "आता तुम्ही ओतसान तेवढंच." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर शालिकरामजींना बरं वाटलं असतं.

दांडीचा नळ कपाटात खोक्यात पडून होता. शालिकरामजी नियमावली घेऊन बसले. कलम अकरा: समितीचा निर्णय अमान्य असल्यास सर्व सदनिकाधारकांची लेखी संमती घेऊन सर्वसाधारण सभेकडे अपील करता येईल. त्यांनी तेवीस घरांची यादी केली, रकाने आखले आणि शाईचा पेन घेऊन बाहेर पडले.

लोकांनी सह्या केल्या, नाही कशाला म्हणा! इतकं सौजन्य त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. बेल वाजवली की माणूस स्वतः बाहेर येई, दार मागे ओढून घेई आणि जिन्याच्या कठड्यावरच सही करी. दोघंजण तर शालिकरामजी येणार हे कळताच आधीच खाली येऊन पार्किंगमध्ये उभे राहिले. "तुम्ही कायले चढता काकाजी, आम्हीच येतो ना." चहाला मात्र कोणी आत बोलावलं नाही. नागपुरात असं होत नाही. पण उन्हाळा होता, लोकांना कंटाळा आला असेल, असं शालिकरामजींना वाटलं.

अठराव्या सहीला पेन गळला. सुजल सहनिवासात गळणारी अधिकृत वस्तू काय ती तेवढीच होती. शाईनं हात माखला. दार शोभाताईंचं होतं आणि दार उघडं राहिलं होतं.

"जरा हात धुतो," शालिकरामजी म्हणाले आणि शोभाताई "काकाजी, तिकडं नका जाऊ, तिकडं पसारा आहे," म्हणेपर्यंत बेसिनपाशी पोचलेसुद्धा.

समोर दांडीचा नळ होता. आपल्या कपाटातल्या नळापेक्षा दुप्पट उंच, बगळ्याच्या मानेसारखा वाकलेला, लखलखीत.

"हे काय आहे?"

"नळ आहे," शोभाताई म्हणाल्या. दुसरं काही सुचलं नसावं.

"पण हा बदललेला आहे!"

"बदलला नाई काकाजी. भावानं वास्तूले भेट दिला. भेटीले नाई कसं म्हणावं? जुना आहे ना, माळ्यावर ठेवला आहे. नियमाचा मान म्हणून फेकला नाई."

शालिकरामजींनी हात धुतले. कोपरानं दांडी ढकलली तर खरंच पाणी आलं, आणि ते बंदही कोपरानं झालं. मग ते उरलेल्या घरी गेले, आणि ज्या घरी आधी जाऊन आले होते तिथेही पुन्हा गेले. शाई लागलेला हात पुढे करत सरळ आत घुसले. देवाजींकडे दोन दांडीचे नळ होते. चंपतरावांकडे असा नळ होता की नुसता हात खाली धरला की आपोआप पाणी यायचं.

संध्याकाळी त्यांनी प्रीतमला गाठलं. "खरं सांग. आमच्या बिल्डिंगीत किती नळ लावले तू?"

"तेवीस," प्रीतम म्हणाला. "तुमचाच तेवढा राह्यला."

"अन् परवानगी?"

"काकाजी," प्रीतम अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "परवानगी तर विचारणाऱ्याले लागते ना. बाकीच्यांले कायले लागन? नट ठोकताना तुम्हाले आवाज जाऊ नये म्हणून मिक्सर लावत होते लोकं. त्या वरच्या मजल्यावाल्या काकूचा तर भांड्यात काई न टाकता चालू ठेवला होता, जळला बिचारा."

त्या दिवशी शालिकरामजी जेवले नाहीत. सहा वर्षांची शिस्त म्हणजे नुसता रिकाम्या मिक्सरचा आवाज निघाला होता. इमारतीत नियम पाळणारा एकच माणूस होता, आणि त्या एकाच माणसाची बायको मगातल्या पाण्यानं तोंड धूत होती. मनकर्णाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना तिळमात्र आश्चर्य वाटलं नाही.

"तुम्हाले आता समजलं?" त्या म्हणाल्या. "सारी बिल्डिंग कायची एवढी चटणी खाईन?"

"तू सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तेवीस नोटिसा काढल्या असत्या. आता काय करता?"

"रविवारी सभा आहे. एकेकाचं नाव घेऊन बोलतो. पुराव्यासहित! साऱ्यांचे नळ काढायला लावतो."

मनकर्णाबाईंनी आपल्या न वळणाऱ्या मुठीकडे पाहिलं. "माहा नळ लावसान, का लोकाइचे काढसान?" त्यांनी विचारलं. शालिकरामजी भाषणाचे मुद्दे लिहायला बसले होते.

रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्ये सभा भरली. शालिकरामजी पहिल्या रांगेत बसले. हातात सात पानांचं भाषण होतं, त्याला परिशिष्ट होतं, आणि परिशिष्टात सदनिकानिहाय नळांचं वर्णन होतं. लोक त्या कागदांकडे चोरून पाहत होते. सगळ्यांचे चेहरे पडले होते. खुद्द चंपतरावांनी आज खुर्चीवर हार बघितला नाही.

मात्र ते उगाच संचालक नव्हते. शालिकरामजी उठायच्या आत ते उठले.

"सभेचं कामकाज सुरू करण्याआधी एक आनंदाची गोष्ट," ते म्हणाले. "गेल्या सहा वर्षांत या इमारतीत नियमाप्रमाणे अर्ज करणारा एकच सदस्य निघाला. आपल्या नियमावलीचे जनक, आदरणीय लांजेवारजी! अशा माणसाचा सत्कार नाही करायचा तर कोणाचा करायचा?"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पार्किंगमधली कबुतरं उडाली. कोणीतरी शाल आणली, कोणी नारळ. देवाजींनी स्वतः शाल शालिकरामजींच्या अंगावर घातली. मे महिन्यात, अकरा वाजता, नागपुरात शाल! शालिकरामजींचं भाषण शालीखाली गेलं.

"अन् आजपासून," चंपतराव पुढे म्हणाले, "नळ दक्षता समिती स्थापन होऊन राहिली आहे. अध्यक्ष अर्थातच लांजेवारजी." त्यांनी खिशातून एक गोल रबरी शिक्का काढून टेबलावर ठेवला. शिक्का नवा होता. त्यावर 'अध्यक्ष' हा शब्द उलटा कोरलेला होता आणि शालिकरामजींना उलटी अक्षरं सुलट अक्षरांहून चटकन वाचता येत.

"माझ्या अर्जाचं काय?" ते कसेबसे म्हणाले.

"तोच तर मुद्दा आहे. आता तुम्ही समितीचे अध्यक्ष. स्वतःच्याच अर्जावर निर्णय देता येत नाही, कलम तेरा. हितसंबंध! तुमची मुदत तीन वर्षांची आहे. ती संपली का पहिला विषय तुमचाच घेऊ." सभेनं पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मग शोभाताईंनी एक कागद पुढे सरकवला. दक्षता समितीचं पहिलं कामकाज होतं ते. 'प्रमाणित करण्यात येते की सुजल सहनिवासातील सर्व चोवीस सदनिकांमधील नळ मूळचेच असून नियमावली लागू झाल्यापासून एकही नळ विनापरवानगी बदलण्यात आलेला नाही.' खाली सहीची जागा होती.

शालिकरामजींनी कागद वाचला. संताप त्यांच्या मस्तकात गेला. हा कागद टराटरा फाडायचा, शाल फेकून द्यायची आणि सात पानं सलग वाचायची, असं त्यांनी ठरवलं. ते उभे राहिले. देवाजींनी जमिनीकडे पाहिलं.

"मित्रहो," शालिकरामजी म्हणाले, "या इमारतीतले नळ..."

आणि वरून मिक्सरचा आवाज आला.

तेवीस घरांच्या माणसांनी एकदम माना वर केल्या आणि तितक्याच झटक्यानं खाली घातल्या. तो आवाज कशाचा असतो हे प्रत्येकाला ठाऊक होतं. शालिकरामजींना त्याहून एक गोष्ट जास्त ठाऊक होती. या मिक्सरच्या घरघरीत मधूनमधून एक खडखड होती. झाकणाचा खटका तुटलेला असला आणि ते सुतळीनं बांधलेलं असलं की अशी खडखड येते. ती सुतळी त्यांनी स्वतः बांधली होती. घरघरीच्या तळाशी, लक्ष देऊन ऐकलं तर, जाम झालेल्या नटावर पडणारे हातोडीचे ठोके ऐकू येत होते.

शालिकरामजी उभेच होते. हातात तेवीस नळांची यादी होती. चोविसावा या क्षणी, त्यांच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर, बसत होता. तेवीस काढायचे म्हटले तर चोवीस निघणार होते. त्यांना मांडीवर नळ घेऊन बसलेल्या मनकर्णाबाई आठवल्या.

"हो हो, नळांचं काय?" चंपतरावांनी हळूच विचारलं.

"या इमारतीतले नळ," शालिकरामजी म्हणाले, "समाधानकारक आहेत." मग खाली बसून त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली आणि शिक्का मारला. शिक्का चांगला, ठळक उमटला. त्यानंतर नियमावली आणखी कडक करावी असा ठराव आला आणि चोवीस हात वर झाले. त्यातले तेवीस स्वच्छ धुतलेले होते. चोविसावा शालिकरामजींचा होता.

ते शाल, नारळ आणि शिक्का घेऊन वर आले तेव्हा प्रीतम निघून गेला होता. मनकर्णाबाई बेसिनपाशी उभ्या होत्या. डाव्या हातात काठी. उजवं कोपर त्यांनी दांडीला लावलं, पाणी आलं. कोणाला हाक न मारता, कोणाची वाट न बघता, त्यांनी तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. गरज नसताना तिसऱ्यांदाही धुतलं. मग कोपरानं नळ बंद केला आणि वळल्या. तोंडावरचं पाणी पदरावर टिपटिप पडत होतं आणि त्या इतक्या खुशीत होत्या की शालिकरामजींना रागवायचं आठवलंच नाही.

"बोललात का मंग सभेत?" त्यांनी विचारलं.

"बोललो," शालिकरामजी म्हणाले.

"काय म्हटलं लोकाइनं?"

"एकमतानं मंजूर झालं." त्यांच्या बोटांना शाई लागली होती. ती धुवायला ते नव्या नळाकडे गेले आणि सवयीनं हात चकरीकडे नेला. मग कोपर लावलं.

त्यानंतर सुजल सहनिवासाची ती नियमावली आसपासच्या अकरा सोसायट्यांनी आदर्श म्हणून नेली आहे, आणि रविवारी सकाळी त्या भागात चटणी फार होते. इथवर वाचून शालिकरामजी ढोंगी निघाले असं आपण ठरवलं असेल तर त्यांची तक्रार नाही, ते दक्षता समितीचे अध्यक्ष आहेत, त्यांना सवय झाली आहे. त्यांनी फक्त एक चौकशी करायला सांगितली आहे. आपण आत्ता ज्या खोलीत बसून हे वाचत आहात, ती मंजूर नकाशात उघडी बाल्कनी होती. तिला काचा कधी लागल्या? परवानगीचा कागद घरात असेलच. शोधून ठेवा, आणि सापडत नसेल तर उठून आधी मिक्सर लावा.